कोलमारचं उंटरलिंडन संग्रहालय: राक्षसांसाठी तरी नक्की जा

फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गपर्यंत गेलात तर कोलमार चुकवू नका. जुन्या मठातल्या या संग्रहालयात जर्मन चित्रकार ग्र्यूनेवाल्डची १५१२ ते १५१६ मधली इझेनहाइम वेदी आहे, म्हणजे चर्चच्या वेदीवर उभारायच्या रंगवलेल्या लाकडी फळ्या. फळ्या सुट्या मांडल्यामुळे मागूनपुढून निवांत बघता येतात.

मी रेंगाळले ते संत अँटनीच्या फळीपाशी. चौथ्या शतकातला हा इजिप्तच्या वाळवंटातला तपस्वी. त्याच्या चरित्रात सैतानाचे दूत सिंह, साप, विंचू होऊन येतात, बेदम मारतात. इथे एकाला चोच, एकाला शिंगं. एक म्हाताऱ्याचे केस ओढतोय. डाव्या कोपऱ्यात मात्र फुगलेल्या पोटाचा, फोडांनी भरलेला एक जण पडलाय. तो राक्षस की रोगी, मला ठरवता येईना. वेदी ज्या मठासाठी रंगवली, तिथले साधू ‘संत अँटनीच्या आगी’वर उपचार करत. हा रोग राय धान्यावरच्या अरगट या बुरशीने होई. आपल्या बाजरीवर येतो त्याचाच भाऊबंद. कृषी खात्यात नोकरी झाल्यामुळे मी तिथेच अडकले, नवरा कॅफेत जाऊन बसला.

लहान मुलं घाबरतील. बाकी पाचपैकी पाच.