पीईएस ५ की पीईएस ६? जुन्या पीएस-टूसाठी एकच डिस्क घ्यायची तर

कपाटातला पीएस-टू (प्लेस्टेशन २) बाहेर काढला, फुटबॉलची एकच डिस्क घ्यायची ठरवली, की गाडी हमखास कोनामीच्या दोन गेमांपाशी अडते. पीईएस म्हणजे ‘प्रो इव्होल्यूशन सॉकर’. पीईएस ५ आला २००५ च्या ऑक्टोबरात, पीईएस ६ बरोबर वर्षभराने. मेनू जवळपास सारखे, बटणं तीच. सामना सुरू झाला की मात्र दोघांचा स्वभाव वेगळा.

पाच हा खडूस गेम. मधल्या फळीत दाटी असते, आणि नुसता आर-वन (वेगाने पळण्याचं बटण) दाबून विंगवरून पळालात तर बचावपटू खांदा लावून बॉल काढून घेतो. रेफरी त्याहून खडूस. एक्स (बॉल हिसकावण्याचं बटण) आणि आर-वन एकत्र दाबून धरायची सवय असेल तर शिट्ट्या ऐकत बसा, कारण तुमचा खेळाडू भरधाव जाऊन समोरच्याच्या पाठीवर आदळतो. आर-वन सोडा, बॉल आणि गोल यांच्या मधे उभे राहा, चौकोन दाबून दुसऱ्या खेळाडूला अंगावर पाठवा आणि समोरच्याचा टच जरा लांब गेला की मगच एक्स. हे अंगवळणी पडलं की १-० चा विजयही कमावल्यासारखा वाटतो.

सहामध्ये रेफरी बराच निवळला आहे, खेळ सलग चालतो, फ्री किक पटकन घेता येते. शॉट मारण्यातही जास्त मजा आहे. बॉक्सच्या कडेवरून मारताना पॉवरची पट्टी अर्ध्याच्या आत सोडा. अर्धी ओलांडली की बॉल बारवरून. इंटर मिलानच्या आद्रियानोची शॉट पॉवर ९९ आहे, त्यामुळे मित्र जमणार असतील तर ‘इंटर कुणीच घ्यायचं नाही’ हे आधीच ठरवून टाका.

म्हणून चार जण, दोन कंट्रोलर आणि ‘हरला तो उठला’ असा बेत असेल तर सहा. एकट्याने कास्तोलो-मिनांडा अशा काल्पनिक खेळाडूंची फुकटी टीम घेऊन मास्टर लीग (सीझनमागून सीझन एकच क्लब चालवायचा मोड) रेटायची असेल तर आमचं मत पाचला.

संघांच्या बाबतीत सहा थोडा लंगडा. जर्मन लीगचा परवाना (खरी नावं वापरायची परवानगी) गेल्याने त्यात एकटं बायर्न उरलं आणि चेल्सीचं ‘लंडन एफसी’ झालं. बदल्यात मँचेस्टर युनायटेड खऱ्या नावाने आलं. पाचमध्ये याच्या उलट: चेल्सी खरं, युनायटेड खोटं. भारत दोन्हींत नाही. एडिट मोडमध्ये नावं, किट बदलता येतात, फक्त एक रविवार त्यात जातो.

डिस्क घेताना कव्हरवरचं नाव वाचा. अमेरिकेत पाचचं नाव ‘वर्ल्ड सॉकर विनिंग इलेव्हन ९’ आणि सहाचं ‘विनिंग इलेव्हन: प्रो इव्होल्यूशन सॉकर २००७’. पॅल (म्हणजे भारत-युरोपातल्या) कन्सोलवर अमेरिकन डिस्क चालत नाही. डिस्क उजेडात तिरकी धरून बघा. मधून बाहेर जाणारे बारीक ओरखडे बहुधा चालून जातात. गोल फिरलेली रेघ दिसली तर सोडून द्या. पातळ पीएस-टूच्या ७०००० मालिकेत लेझरची रिबन केबल वर उचलली जाऊन डिस्कला घासते आणि नेमकी अशीच रेघ पडते. घरचा कन्सोल त्या मालिकेतला असेल तर नवी डिस्क घालण्याआधी केबल तपासून घ्या.

नव्या टीव्हीला स्वस्तातला एचडीएमआय अडॅप्टर लावून रंग विचित्र दिसले तर अडॅप्टरला शिव्या घालण्याआधी पीएस-टूच्या सिस्टीम कॉन्फिगरेशनमध्ये ‘कंपोनंट व्हिडिओ आउट’ आरजीबीवरून वाय-सीबी-सीआरवर करा. टीव्हीचा गेम मोडही चालू हवा, नाहीतर पास दाबल्यावर बॉल उशिरा सुटतो आणि दोष उगाच गेमला लागतो. मेमरी कार्ड मात्र ८ एमबीचं अस्सलच घ्या. ६४ किंवा १२८ एमबीच्या बिननावाच्या कार्डांवर सेव्ह करप्ट व्हायला वेळ लागत नाही, आणि मास्टर लीगचा चौथा सीझन उडाला तर तो परत मिळत नाही.