मळमळीवर जेल की पॅच? एम. फार्म.च्या (फार्मसीतल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधाचा विषय ठरवण्याआधी

सांगली-कराड भागात फार्मसी करणाऱ्यांना ऑन्डान्सेट्रॉन या मळमळ-उलटीवरच्या औषधाच्या जेलचा मोह पडतोच. कर्करोगावर केमो घेणाऱ्या पेशंटच्या पोटात गोळी ठरत नाही, मग औषध कातडीतून द्यावं, ही कल्पना चोख आहे. पण जेल की पॅच (कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी) हे ठरवण्याआधी डोसचा हिशोब मांडा.

ग्रॅनिसेट्रॉन या त्याच गटातल्या औषधाच्या पॅचला अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळाली. ५२ चौरस सेंमीचा पॅच दिवसाला ३.१ मिग्रॅ औषध सोडतो. ऑन्डान्सेट्रॉनची ८ मिग्रॅची गोळी दोनदा घेतली, तर साधारण ६० टक्के रक्तात पोचतं, म्हणजे दिवसाला साडेनऊ मिग्रॅ. एवढं औषध कातडीतून ग्रॅनिसेट्रॉनच्या पॅचच्याच वेगाने जायचं म्हटलं, तर जागा लागेल १६० चौरस सेंमी. बोटांसकट अख्खा तळहात! म्हणून औषध निवडायची मुभा असेल, तर मी ग्रॅनिसेट्रॉन घेईन.

बनवायला जेल सोपं, असं सगळे सांगतात. अर्धंच खरं आहे. कार्बोपॉल (जेल बनवायची पावडर) रात्रभर भिजवलं, थेंब थेंब ट्रायइथेनॉलअमाइन (आम्लता कमी करणारा द्रव) घातलं की जेल घट्ट होतं खरं. पण पीएच सहाच्या आसपास गेला की ऑन्डान्सेट्रॉन हायड्रोक्लोराइड (औषधाचं क्षाररूप) खाली बसू लागतं आणि काचेसारखं जेल दुधाळ दिसतं. एचपीएमसी (जेल बनवायची दुसरी पावडर) घेतलं तर ही कटकट नाही. तरी क्षाराच्या रूपातलं औषध कातडीतून जेमतेम जातं. बेस, म्हणजे क्षार न केलेलं मूळ औषध, घ्या आणि तो प्रॉपिलीन ग्लायकॉल या द्रावकात विरघळवा.

पॅचचा जाच वेगळा. पेट्री डिशमधली फिल्म पावसाळ्यात चिकट राहते, उन्हाळ्यात सोलताना तडकते, आणि चांगला चिकट थर व बॅकिंग (पाठीमागचा आधाराचा थर) मिळवण्यात महिने जातात. पण एकदा जमला की क्षेत्रफळ ठरलेलं, म्हणजे डोसही बराचसा हातात. जेल कोण किती चोळेल, नेम नाही. अमेरिकेत लोराझेपाम, डायफेनहायड्रामिन आणि हॅलोपेरिडॉल या तीन औषधांचं मिळून केलेलं जेल मळमळीवर म्हणून मनगटावर चोळायची पद्धत होती. २०१२ च्या अभ्यासात पहिलं आणि तिसरं औषध रक्तात सापडलंच नाही.

(गाडी लागण्यावरचा उपाय म्हणून विषय रंगवू नका. गाडी लागू नये म्हणून वापरतात तो स्कोपोलामिनचा कानामागचा पॅचसुद्धा किमान चार तास आधी लावावा लागतो. तोवर आंबा घाट मागे पडलेला असतो.)

हातात एकच वर्ष असेल तर जेल घ्या. मात्र घट्टपणा (व्हिस्कॉसिटी) आणि पसरण मोजून थांबू नका. फ्रांझ सेलमध्ये (कातडीतून किती औषध जातं ते मोजायच्या उपकरणात) डुकराच्या कानाची कातडी लावा, चोवीस तास नमुने काढा. ऑन्डान्सेट्रॉनच धरलं असेल, तर ५० चौरस सेंमीवर ताशी ८ मायक्रोग्रॅम प्रति चौरस सेंमीचा वेग हवा. पहिल्या महिन्यात त्याच्या जवळपासही पोचला नाहीत, तर गाइडला तेव्हाच सांगून औषध बदला.