डबलबारीच्या नावावर गेले १,७२,८५० रुपये

डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, ठेवून देतो म्हणून एका माणसाने आमच्या वाडीला फसवलं. रक्कम आधीच सांगून टाकते, म्हणजे "नक्की किती गेले" असं खाजगीत विचारायला नको. मंडळाच्या खात्यातून ६५,०००, माझ्या हातून रोख १४,५०० आणि देणगी प्रवेशिकांवरच्या क्यूआर कोडवरून ९३,३५०. एकूण १,७२,८५० रुपये. यातला शेवटचा आकडा फक्त ज्यांनी स्क्रीनशॉट पाठवले त्यांचा. लाजेने गप्प बसलेले वेगळेच. ते कोण आहेत याचा मला साधारण अंदाज आहे. पैसे गेलेल्यांत मीही आहेच, ११,००० देणगी आणि चार प्रवेशिकांचे ८०० असे माझे स्वतःचे ११,८०० गेले.

आमची वाडी सिंधुदुर्गात, किनाऱ्याला लागून. गावाचं नाव देत नाही, कारण ज्या मुलासाठी हे पैसे जमवत होतो त्याच्या घरच्यांना आधीच पुरेसा मनस्ताप झालाय. हायवेवर अपघात झाला, मणक्याला मार लागला. आमच्याकडे असं काही झालं की गाडी गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या रस्त्याला लागते, तशी लागली. ऑपरेशन झालं. पण पुढची फिजिओथेरपी, खाट, चाकाची खुर्ची आणि कर्ता माणूस घरी बसल्यावर रोजचं तेल-मीठ, याला कुठली योजना? म्हणून मे महिन्यात, चाकरमानी गावात असताना, देवळाच्या पटांगणात डबलबारी ठेवायची आणि प्रवेशिका विकून निधी उभा करायचा असं ठरलं. यात नवीन काही नव्हतं. कोकणात शाळेचं छप्पर, देवळाचा सभामंडप, कुणाचं आजारपण, सगळं दशावतार, नमन नाहीतर डबलबारीच्या जोरावरच तर होत आलंय. मुंबईत शिवाजी मंदिर नाट्यगृहात आपल्या मंडळांचे सहाय्यार्थ प्रयोग लागतात, त्यांच्या प्रवेशिका तुमच्याही गळ्यात कोणी ना कोणी मारल्या असतील.

आता तो माणूस. नाव लिहीत नाही, वकिलांनी सांगितलंय. तिशीचा, बोलायला गोड, दारात चप्पल काढून आत येणारा. तो आमच्याकडे आला तो वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून. हा ग्रुप म्हणजे आमचा सगळ्यांचा आधार. नारळ काढणारा पाडेली कोण रिकामा आहे, इन्व्हर्टरवाल्याचा नंबर द्या, विहिरीवरचा पंप कोण बघेल, सगळं तिथेच. गावातले आणि नालासोपारा, दिवा, विरारचे, सगळे त्यात. हनुमान जयंतीला साउंडवाला हवा होता, तेव्हा चौघांनी याचंच नाव दिलं. ३,५०० ठरले. कार्यक्रम झाल्यावर त्याने ५०० परत केले. "देवाचा काम आसा, काकी." पाचशे रुपयांत अख्खी वाडी विकत घेतली त्याने.

सगळं झाल्यावर मी त्या चार शिफारशी मागे मागे उसवत गेले. पहिला म्हणाला, दुसऱ्याने सांगितलं म्हणून मी सांगितलं. दुसऱ्याने शेजारच्या वाडीच्या ग्रुपवर वाचलं होतं. तिसरी माझीच जाऊ, तिला त्याने फक्त मिक्सर दुरुस्त करून दिला होता. चौथ्याने पुढे ढकललेला मेसेज मुळात त्या माणसाच्या स्वतःच्याच दुसऱ्या नंबरवरून आलेला. एकाच्याही घरी, एकाही मंडळात त्याने कार्यक्रम करून दिलेला नव्हता! तेव्हा ग्रुपवर कोणी "एकदम खात्रीचा माणूस" असं लिहिलं की आधी विचारा: तुमच्याकडे केलं का काम? कधी? किती घेतले? उत्तराऐवजी हात जोडलेले इमोजी आले तर समजून जा.

डबलबारी म्हटली की दोन बुवांची सुपारी, म्हणजे कार्यक्रम ठरवतानाचा विसार आला, मांडव, लाईट, जनरेटर, प्रवेशिकांची छपाई आली. तो म्हणाला, बुवा माझ्या ओळखीचे, मानधनात कमी करून देतो, तुम्ही फक्त माणसं जमवा. खजिनदारांनी एकदा विचारलं, सुपारी आपणच जाऊन देऊया का? आणि मग माझ्याकडे बघून स्वतःच म्हणाले, "वैनी, तुमी सांगतास म्हणजे बरोबरच असतला." आता हेच खजिनदार सांगत फिरतात की मी आधीपासून सावध होतो. सावध होतात तर चेकवर दुसरी सही कोणाची आहे? आधी २५,००० गेले, मग ४०,०००. रोख १४,५०० मी दिले, छपाईचे आणि जनरेटरच्या डिझेलचे. पावती मागितली तर व्हॉट्सॲपवर आली, शिक्का मारलेली. शिक्के आजकाल मोबाईलमध्ये बनतात.

बुवांचा नंबर तर प्रत्येक पोस्टरवर असतो. कोकणातला कुठलाही भजनी बुवा घ्या, त्याचं वेळापत्रक त्याच्या पखवाजवाल्याला, कोरसवाल्याला, चहावाल्याला माहीत असतं. एक फोन पुरेसा होता. पण सुपारी दिलीय म्हणणारा समोर बसलेला असताना, त्याच्या तोंडावर फोन लावून खात्री करणं आपल्याकडे अपमान समजतात. हा फायदा त्याला पक्का माहीत होता.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की रात्री झोप उडते.

प्रवेशिकांचे गठ्ठे आले. पिवळा कागद, वर गणपती, दोन्ही बुवांचे फोटो, "सहाय्यार्थ", दर २०० रुपये आणि खाली क्यूआर कोड. पहिल्या चार प्रवेशिका मीच घेतल्या, सुरुवात घरातून व्हावी म्हणून. स्कॅन केलं. मंडळाचं नाव यायला हवं होतं, आलं भलतंच, कुठलेतरी "ट्रेडर्स". मी थांबले. हो, थांबले होते, हे नीट वाचा, कारण "बघितलंच नाही का" असं मला आजही ऐकवलं जातं. मी त्याला विचारलं सुद्धा. तो हसला. "काकी, ता पेमेंट गेटवेचा नाव असता, पैशे मंडळाच्या खात्यातच येतले." आणि मी पिन टाकला.

का टाकला? कारण आपल्या बाजारात स्कॅन केल्यावर बरोबर नाव येतंच कुठे! मासळीवालीकडे स्कॅन केलं की तिच्या भाच्याचं नाव, किराणावाल्याकडे त्याच्या बायकोचं, रिक्षावाल्याकडे मालकाचं. वेगळं नाव बघून पैसे पाठवायची सवय आम्हाला रोजच्या बाजाराने लावलीय, आणि त्या सवयीवर तो जगला. तरीही सांगते: स्कॅन केल्यावर स्क्रीनवर येतं ते बँकेत नोंदलेलं खातेदाराचं नाव असतं. भाच्याच्या नावावर बांगडे घ्या खुशाल, पण मंडळाची देणगी मंडळाच्याच नावावर गेली पाहिजे. एक रुपया टाकायचा आणि खजिनदाराला पासबुक भरून आणायला लावायचं. आम्ही गठ्ठे वाटले, मुंबईकरांना फोटो पाठवले आणि "स्कॅन करा, पैसे टाका" असं ग्रुपवर मीच लिहिलं. तो मेसेज अजून तिथे आहे, मी पुसलेला नाही.

उघडकीला आलं ते कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात. माझ्या दिराला लोकलमध्ये एका बुवांचा कोरसवाला भेटला. त्या तारखेला त्यांची बारी कुडाळकडे होती, आमच्या गावाचं नावसुद्धा त्याने ऐकलं नव्हतं. मग मी बुवांना फोन केला. बिचारे म्हणाले, तुमची सुपारी आलीच नाही. "त्याचा" फोन दुपारपर्यंत लागत होता, संध्याकाळपासून बंद.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन केला, सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार घातली, पोचक्रमांक मिळाला. पण पहिले पैसे जाऊन आठवडे उलटले होते. एका-दोघांनी त्याच दिवशी टाकलेले होते, त्यातले ३,८०० रुपये त्या खात्यात गोठवले गेले. ते परत मिळवायला तेव्हा कोर्टाचा आदेश लागायचा. पैसे गेले की नवऱ्याला, भावाला, ग्रुपला सांगण्याआधी १९३० लावा. पहिल्या तासाची जी किंमत असते ती पुढच्या महिन्याला नसते.

आणि मग पोलीस ठाणं. आमच्या ठाण्यात अंमलदाराने कागद न वाचताच विचारलं, "तुम्ही आपणहून पैसे दिलेत ना? जबरदस्ती केली का कोणी?" मग म्हणाला ही दिवाणी बाब, कामाचा व्यवहार आहे, वकील गाठा. खोट्या बाऱ्या दाखवून पैसे उकळणं दिवाणी बाब कशी? नवीन भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे की फसवणुकीचं, आधीचं ४२० तेच. हे मी म्हटलं तर "मॅडम, तुम्हीच लिहून घ्या मग गुन्हा" असं उत्तर मिळालं, आणि बाकावरचे दोघं हसले. पुढच्या वेळी साहेब बंदोबस्ताला. नंतर नेट बंद. मग मंडळाचा ठराव आणा. ठराव नेला, तर ज्यांनी पैसे दिले त्या प्रत्येकाने समक्ष येऊन जबाब द्या. अहो, ती माणसं विरारला भाड्याच्या खोलीत राहतात, २०० रुपयांसाठी ६०० रुपयांचं भाडं भरून कोण येणार? त्यांच्यातल्या एकाने तिकडच्या ठाण्यात विचारलं, तर ते म्हणाले गावाला जा. झीरो एफआयआर कायद्यात आहे, कुठल्याही ठाण्याने हद्द न बघता घ्यायचा असतो. कायद्यात आहे.

बँकेत गेले. शाखेतले गृहस्थ म्हणाले, पिन तुम्ही टाकलात, बँकेचा संबंध नाही. "ट्रेडर्स" नावाचं खातं कोणाचं, एवढं तरी सांगा म्हटलं, तर ग्राहकाची माहिती गोपनीय असते. चोराची गोपनीयता जपणारी माणसं समोर बसलेल्या ग्राहकाला खुर्ची देत नाहीत. लेखी तक्रार देऊन पोच घ्या, तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मी तीच वाट धरलीय.

यावर कळस म्हणजे देणग्यांचं काम बघणारं जिल्ह्याचं कार्यालय. तिथे मला वाटलं होतं मदत मिळेल. टेबलामागच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "कलम ४१ क ची परवानगी काढली होती का?" सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्यात ते कलम आहे. नोंदणी नसलेल्यांनी वर्गणी किंवा देणगी जमवायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, गणपतीत मंडळं काढतात तीच. आम्ही नव्हती काढली. एका मुलाच्या खाटेसाठी डबलबारी ठेवताना कोणाच्या डोक्यात येतं ते? बाई म्हणाल्या, मग बेकायदेशीर तर तुम्हीच. झालं, हे वाडीत कळल्यावर अर्ध्या मंडळाने माघार घेतली. "वैनी, जाऊ दे ता, आमीच आत जाव." पैसे नेणारा मोकळा आणि देणारे घाबरून घरात. तेव्हा परवानगी काढा बाबांनो. देणगीदारांपेक्षा तुमच्या स्वतःच्या बचावासाठी काढा.

शेवटी वकिलांनी सांगितल्याप्रमाणे सगळा मजकूर लेखी करून रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवला. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर हा मार्ग नव्या कायद्यातही आहे. त्यानंतर ठाण्यातून फोन आला आणि गुन्हा नोंद झाला. तोच अंमलदार आता मला "ताई" म्हणतो. तपास चालू आहे, एवढंच कळतं.

वाडीत मात्र तपास माझाच झाला. "तुमी सांगितलास म्हणान आमी दिलव," असं विहिरीवर तोंडावर ऐकवलं. दिलंत, मान्य. पण त्या पाचशे रुपयांच्या दिवशी टाळ्या कोणी वाजवल्या होत्या? मुलाच्या आईने मात्र एक शब्द काढला नाही. त्यांच्यासाठी नंतर घरोघर फिरून रोख ४१,२०० जमले, वहीत सहीसकट. ना मांडव, ना बुवा.

परवा माझ्या भाचीने तिच्या सासरच्या गावचं एक पोस्टर पाठवलं. पिवळा कागद, वर गणपती, "सहाय्यार्थ". बुवा तेच, आजारी मुलीचा फोटो वेगळा. पैसे न टाकता कोड फक्त स्कॅन करून बघितला, नाव दुसऱ्याच "एंटरप्रायझेस"चं. भाचीला सांगून मी त्यांच्या ग्रुपमध्ये शिरले आणि बुवांना फोन करून खात्री करा, एवढंच लिहिलं. अर्ध्या तासात ॲडमिनने मला काढून टाकलं. भाचीला मेसेज आला, चांगल्या कामात अपशकुन नको. त्या प्रवेशिका अजून विकल्या जातायत, दर २५० रुपये.