बहावा, सावर, साग की माट्टी? बियांपासून रोपं करायची तर आधी हे बघा

यंदा पावसाच्या आधी पिशव्या भरून पानगळीच्या झाडांची रोपं घरीच करायची असं मनात असेल तर फुलांचे फोटो बघून झाड ठरवू नका, बी कसं वागतं ते बघून ठरवा. काही बिया डब्यात वर्षभर आरामात राहतात, काहींना झाडावरून उतरवल्या की लवकरात लवकर माती लागते. आणि आपल्या गोव्यात जूनच्या सुरवातीला पाऊस धरला की उघड्यावरची कोवळी रोपं बुडातून कुजायला वेळ लागत नाही, त्यामुळे एप्रिल-मे हेच खरे कामाचे महिने.

पहिल्यांदाच करणार असाल तर माझं मत सरळ बहाव्याला. एक तर बी शोधायला लागत नाही, एप्रिल-मे मध्ये झाड पिवळं झालेलं असतं तेव्हाच त्याच्यावर गेल्या वर्षीच्या काळ्या लांब शेंगा लटकत असतात, हात-दीड हात लांब. शेंग फोडली की आत पडदे आणि चिकट काळा गर, तो धुवून टाकायचा. बी मात्र दगडासारखं, तसंच पेरलं तर महिनोनमहिने काही होत नाही आणि लोक म्हणतात बीच खराब होतं. खराब नसतं, वरचं कवच पाणी आत घेत नाही एवढंच. पाणी उकळवा, गॅस बंद करा, मग ते बियांवर ओता आणि रात्रभर तसंच ठेवा (बिया गॅसवर उकळायच्या नाहीत हं, मरतील). सकाळी ज्या फुगल्या त्या पेरा, बाकीच्यांना पॉलिश पेपरवर एका बाजूने घासा आणि परत भिजवा. फुगलेलं बी साधारण एक-दोन आठवड्यांत वर येतं. पहिल्या वर्षी वाढ सावकाश असते, म्हणून याच पावसात जमिनीत लावायची घाई नको, पुढच्या जूनपर्यंत पिशवीत ठेवा, फक्त पिशवी उंच घ्या कारण मूळ सरळ खाली जातं आणि लहान पिशवीत गोल फिरत बसतं. पिवळसर फुलपाखरांच्या अळ्या पानं खातात, खाऊ द्या, परत फुटतात.

सावर याच्या अगदी उलट. बी काळं, बारीक, कापसात गुंडाळलेलं, भिजवायची पण गरज नाही, ताजं पेरलं की पटकन उगवतं आणि रोप पण झपाट्याने वाढतं. पण बी जास्त दिवस टिकत नाही, पुढच्या वर्षीसाठी ठेवून देऊ असा हिशोब इथे चालत नाही. बोंडं उकलायच्या थोडी आधी उतरवून कापडी पिशवीत उन्हात ठेवा, नाहीतर कापूस सगळ्या वाड्यावर उडेल आणि त्याच्याबरोबर बी पण. घराजवळ किंवा विजेच्या तारांखाली सावर अजिबात लावू नका, झाड प्रचंड होतं. भाटात (म्हणजे बागायतीत) कोपरा मोकळा असेल आणि पक्षी यायला हवे असतील तर मात्र त्याच्यासारखं दुसरं झाड नाही.

शिवण पण लवकर येते, पिवळी फळं खाली पडलेली गोळा करायची, गर काढून आठळी एक-दोन दिवस पाण्यात ठेवायची. गुरं मोकळी फिरत असतील तर कुंपण हवंच. पळस हवा असेल तर पिशवीच्या भानगडीत न पडता बी जागेवरच टोचा, मूळ हलवलेलं त्याला सोसत नाही.

साग बियांपासून करू नका असंच मी सांगेन. फळ कडक, आत एक ते चार बिया, रात्री भिजवा दिवसा वाळवा असं आठ-दहा दिवस केलं तरी उगवण एकसारखी होत नाही, काही आज येतात काही पुढच्या पावसात. सागाचे स्टंप मिळतात, म्हणजे वर्षाच्या रोपाचं मूळ आणि वरचा बोटभर दांडा, ते पहिल्या पावसात पहारीने भोक पाडून लावले की काम झालं. आणि पुढे विकायचे म्हणून लावणार असाल तर लक्षात ठेवा, स्वतःच्या जमिनीतलं झाड तोडायला पण परवानगी लागते, १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे.

आता माट्टी, म्हणजे ऐन. गोव्याचं राज्यवृक्ष आहे आणि लोकांच्या भाटात नवीन लावलेली जवळजवळ दिसत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. जांभ्या मातीवर उभी राहते, साल इतकी जाड की जंगलातली साधी आग सोसते, टसर रेशमाचे किडे हिच्या पानांवर जगतात. मग लावत का नाहीत, तर बी त्रास देतं. पाच पंखांची फळं फेब्रुवारी ते एप्रिल मिळतात पण त्यातली बरीच पोकळ असतात. थोडी कोयत्याने आडवी कापून बघा, आत पांढरा गर दिसला तरच त्या झाडाची पोतंभर गोळा करा, नाहीतर दुसरं झाड बघा. दोन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, आणि थेट पिशवीत न घालता वाफ्यात दाट पेरा, उगवलेली तेवढीच पिशवीत हलवा, म्हणजे रिकाम्या पिशव्यांना पाणी घालत बसायला नको. किंजळ म्हणजे माट्टीच्याच कुळातलं झाड, तिचं पण असंच आहे, पोकळ फळांचं प्रमाण तिथे बहुतेक आणखी जास्त. बी रस्त्याकडेचं किंवा ओळखीच्यांच्या भाटातलं घ्या, मोलेच्या किंवा म्हादईच्या अभयारण्यातून उचलू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते बसत नाही.

म्हणजे वेळ कमी आणि जागा घरापुरती असेल तर बहावा, मोठं भाट आणि यंदाच काहीतरी वाढलेलं बघायचं असेल तर सावर-शिवण. भरडाची (उंचावरची, खडकाळ) जमीन पडून असेल आणि दोन वर्षं पाणी घालायची तयारी असेल तर माट्टीच करा, हवी असतील त्याच्या पाच-सहा पट फळं पेरा. यातलं कुठलंही घेतलं तरी हिवाळा सरताना पानं गळतात, रोप मेलं म्हणून उपटू नका, दांडा नखाने जरा खरवडा, आत हिरवं असेल तर पाणी कमी करून चालू ठेवा.