काळ्या दगडाचं १४ इंची जातं: वीज महिनोन्‌महिने आलीच नाही तर

सोलापुरात वर्षाची ज्वारी भरून ठेवायची रीत अजून बऱ्याच घरांत आहे. वीज कायमची गेली तरी पहिले काही महिने धान्य असेलच. अडेल ते पीठ. गल्लीतली गिरणी थांबली की घरातली मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी भिजवून, शिजवून घुगऱ्या खाण्यापुरतीच उरते. त्यात ज्वारीचं पीठ आठवडाभरात विरी (चिकटपणा) सोडतं, मग भाकरी थापताना कडा फाटतात. म्हणजे पीठ साठवून भागत नाही, रोजचं रोज दळावं लागतं. म्हणून दीर्घ अंधाराच्या तयारीत कंदील आणि बॅटरीच्याही आधी जात्याचा विचार करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हा अंधार किती लांबू शकतो? ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तरेची ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, लागोपाठ दोनदा कोसळली. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्यही गेली, पश्चिमेची वाचली. त्या वेळी शेजारच्या ग्रिडची वीज घेऊन ती पुन्हा उभी करता आली. पुढं ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्ही वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणही उरलेल्या देशाला जोडली गेली. याचा रोजच्या कारभारात मोठा फायदा आहे. पण सगळंच एकदम बसलं तर औष्णिक संच सुरू करायलाही बाहेरून वीज लागते, आणि मोठे ट्रान्सफॉर्मर जळाले असतील तर नवे बनून यायला वर्षही जातं. तयारी त्या हिशेबानं करायची.

घरघंटीला इन्व्हर्टर जोडायची कल्पना सर्वांनाच सुचते. ती चालत नाही. १ अश्वशक्तीची मोटर साधारण ७५० वॅट घेते, पण सुरू होताना त्याच्या तीन ते पाच पट ओढते. घरातला ८५० व्हीएचा इन्व्हर्टर तिथंच ट्रिप होतो. मोठा इन्व्हर्टर घेतला तरी १२ व्होल्ट, १५० एएच बॅटरीत जेमतेम १.८ युनिट असतात आणि बॅटरी टिकवायची तर त्यातले निम्मेच वापरायचे. वर सोलापूरचा उन्हाळा: २५ अंशांच्या वर दर १० अंशांना शिशाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. टेबलाला कसायची बिडाची हातगिरणी बरी, पण ज्वारीचं भाकरीजोगं पीठ हवं तर दोनदा दळावं लागतं, आणि तिच्या दातेरी चकत्या झिजल्या की नव्या कुठून आणणार? जात्याला मात्र दगड, लाकूड आणि लोखंडाची एक खीळ एवढंच लागतं. किंमतही घरघंटीच्या मानानं किरकोळ.

आकार १४ इंचीच घ्या. ५ सेंटिमीटर जाडीची वरची तळी (जात्याच्या दोन गोल दगडांपैकी वरचा) १४ ते १५ किलो भरते; एका माणसाला ओढवते आणि पीठ बारीक पडण्याइतका भारही पडतो. १२ इंचीची तळी साडेदहा किलोच्या आसपास येते, दळण रेंगाळतं. १६ इंचीला कायम दोघं लागतात. लग्नातल्या हळदीचं जे छोटं जातं मिळतं ते रोजच्या दळणासाठी नव्हे. तांबूस, वाळूसारख्या कणांचा दगडही नको, त्याची कच पिठात उतरत राहते.

काळ्या दगडातही पारख लागतेच. तळी पाण्यानं ओली करून उन्हात धरा. पांढरे ठिपके दिसले तर ती बाजूला ठेवा. दक्खनच्या काळ्या दगडातल्या पोकळ्यांमध्ये पांढरी खनिजं भरलेली असतात. दळताना ती सुटून पिठात येतात आणि मागं खड्डे राहतात. मग तळी दोरीनं टांगून हातोडीनं हलकेच वाजवा. खणखणीत नाद हवा, बद्द आवाज आला तर आत चीर आहे. दोन्ही तळ्या एकमेकींवर ठेवून कडेला कागद सरकवून पाहा. कडेला तो अडकला पाहिजे आणि तोंडाजवळ, म्हणजे मधल्या भोकाजवळ, जोंधळ्याचा दाणा शिरेल एवढी फट पाहिजे. सगळीकडं सारखीच चिकटलेली तळी दाणा आत घेत नाही; दाणे तोंडातच साचतात.

खालच्या तळीच्या मध्यावरची खीळ कशानं पक्की केली आहे ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. शिसं ओतून बसवली असेल तर ते जातं नकोच. चक्कीच्या दगडात शिसं वापरल्यामुळं घरंच्या घरं विषबाधेनं आजारी पडल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. लाकडी पाचर मारून घट्ट केलेली खीळ उत्तम. खुंटा बाभळीचा, पुरता वाळलेला मागा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत ओलं लाकूड आक्रसतं आणि ऐन दळणात खुंटा हातात येतो. माकडी, म्हणजे वरच्या तळीच्या तोंडात आडवी बसणारी, खिळीवर फिरणारी लाकडी पट्टी, सगळ्यात आधी झिजते. तिचे दोन जोड जास्तीचे करून घ्या. विकणारा सहसा एकच देतो, ही या खरेदीतली खरी उणीव.

घरी आणल्यावर दोन्ही तळ्या ताठ ब्रशनं धुवून दिवसभर उन्हात वाळवा. पहिला किलो कोंडा किंवा किडकी ज्वारी दळून टाकून द्या. ती जनावरालाही घालू नये. मग अर्धा-अर्धा किलोचे घाणे काढत राहा. प्रत्येक घाण्याचं चमचाभर पीठ वाटीभर पाण्यात कालवायचं, वरचं पांढरं पाणी हळूच ओतून द्यायचं आणि तळाला बोट फिरवायचं. करडी कच बोटाला लागते तोवर ते पीठ खायचं नाही. साधारण तीन-चार घाण्यांत तळ स्वच्छ होतो.

दळताना खाली पोतं आणि त्यावर धुतलेलं जाड कापड. ज्वारी निवडून घ्या, एक खडा तळीवर चरा पाडतो. दाणा दाताखाली कट्‌ वाजला पाहिजे. पावसाळ्यात तो मऊ लागला तर आधी ऊन दाखवा, नाहीतर पीठ तळीला चिकटून जातं जड होतं. पाच बोटांच्या चिमटीत मावेल एवढी वैरण, म्हणजे एका वेळचे दाणे, घाला, दहा-बारा फेऱ्या झाल्या की पुन्हा. घाई करून मूठभर घातली की वरची तळी उचलली जाते आणि भरड पडते. डाळ भरडायची असेल तेव्हा हीच गोष्ट मुद्दाम करायची: माकडीखाली खिळीभोवती चिंधीचं कडं घालून तळी किंचित उचलायची. एका सरावलेल्या माणसाचं तासाला दीड किलो, समोरासमोर दोघं बसले तर दोन-सव्वादोन किलो पीठ निघतं. माणशी ४०० ग्रॅम धरले तर पाच जणांना रोज २ किलो लागतं. म्हणजे तास-सव्वा तास, आणि तीन महिन्यांना १८० किलो ज्वारी, ५० किलोचे चार कट्टे.

शेंगदाणे यात चुकूनही घालू नका. तेलानं दगडाचे घाव बुजतात आणि ते तेल निघता निघत नाही. शेंगाचटणीला उखळच हवं. सरपण वाचवायचं तर भाकरी पातळ थापून एकदाच आठ-दहा दिवसांच्या भाजाव्यात आणि वाळवून कडक कराव्यात; ओल लागली नाही तर महिनोन्‌महिने टिकतात.

जात्याचं खरं दुखणं एकच: रोज दळलं तर काही महिन्यांत तळी गुळगुळीत होते. पीठ हाताला गरम लागू लागलं, भरड पडू लागली की टाकी लावायची, म्हणजे छिन्नीनं तळी पुन्हा खडबडीत करायची वेळ आली. टाकी लावणारी माणसं आजच क्वचित फिरतात, त्यामुळं हे काम घरात कुणाला तरी आलंच पाहिजे. चार टाक्या, पाऊण किलोची हातोडी, गॉगल आणि नाकाला ओलं फडकं एवढं सामान पुरतं. बोथट टाकी लोहाराच्या भात्यावर तापवून घडता येते आणि तिला पाणीही तिथंच देता येतं, त्याला वीज लागत नाही. विकत घेतानाच पाथरवटाला एक तळी तुमच्यासमोर टाकवायला सांगा आणि दुसरी त्याच्या देखत स्वतः टाकवा. टाकी तिरकी धरायची, घाव दोन-दोन सुतांवर (पाव इंचावर) हलके मारायचे, तोंडाजवळ जरा खोल आणि कडेच्या दोन बोटं पट्टीत अगदी उथळ.