क्रुगरच्या गेटवर कळलं की माझं बुकिंग मे महिन्यातच रद्द झालंय

मी नाशिकची, वय ४४, पेशाने फिजिओथेरपिस्ट. क्रुगरला एकटीने गाडी चालवत जायचं हे सात वर्षं मनात होतं, आणि गेल्या तीन वर्षांत दर महिन्याला थोडे थोडे पैसे त्यासाठी वेगळे काढत होते. त्यातले ९३,००० रुपये एका माणसाने नेले. कसे नेले ते सगळं नीट लिहितेय, कारण ही पद्धत ओळखायला खरंच अवघड आहे आणि आपल्या लोकांना मुद्दाम गाठून चाललीय.

आधी जागेबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. क्रुगर नॅशनल पार्क दक्षिण आफ्रिकेत, १९२६ सालचं, जवळपास २०,००० चौरस किलोमीटर, उत्तर-दक्षिण साडेतीनशे किलोमीटर लांब. तिथे आपण साधी भाड्याची कार घेऊन स्वतः फिरू शकतो, गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने, डांबरी रस्त्यावर ५० आणि कच्च्यावर ४० चा स्पीड, ठरलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही, आणि संध्याकाळी गेट बंद व्हायच्या आत आपल्या कॅम्पात पोचायचंच. म्हणजे रात्रीचं बुकिंग नसेल तर आत राहताच येत नाही. आतले मुख्य रेस्ट कॅम्प सॅनपार्क्स ही सरकारी संस्था चालवते आणि बुकिंग त्यांच्याच वेबसाइटवर होतं.

मी एप्रिलमध्ये बघायला बसले तर ऑगस्टच्या तारखांना स्कुकुझा, लोअर साबी, सतारा या सगळ्या कॅम्पांपुढे लाल रंग, म्हणजे जागा नाही, असंच दिसत होतं. ऑगस्ट म्हणजे तिकडचा कोरडा हिवाळा, गवत कमी, प्राणी पाण्यावर येतात, त्यामुळे गर्दी. शिवाय तिथल्या बंगलोचं भाडं बहुतेक दोन माणसांचं धरलेलं असतं, एकटं गेलं तरी पूर्ण भरायचं. हे मला खटकत होतं आणि ते मी एका ट्रॅव्हल ग्रुपवर बोलून दाखवलं. दुसऱ्याच दिवशी मेसेज आला. "ताई, नमस्कार, मी मूळचा साताऱ्याचा, बारा वर्षं साउथ आफ्रिकेत आहे, एकट्या महिलांसाठी माझ्याकडे सिंगल रेट असतो."

तो मराठी इतकं छान आणि आपुलकीने बोलायचा की मला एकदाही शंका आली नाही. व्हिसाला कुठली कागदपत्रं लागतील, आरटीओतून इंटरनॅशनल परमिट कसं काढायचं, जोहान्सबर्गवरून एन ४ हायवेने निघा, टोलसाठी कार्ड जवळ ठेवा, हे सगळं त्याने बरोबर सांगितलं, एकही गोष्ट चुकीची नव्हती. आठवड्यात त्याने सहा रात्रींचं कन्फर्मेशन लेटर पाठवलं, माझं नाव पासपोर्टप्रमाणे, वरती लोगो, बुकिंग नंबर, कॅम्पांची नावं. पैसे मात्र इंडियातल्या खात्यात भरा म्हणाला, कार्डाने परदेशात भरलं की साडेतीन टक्के मार्कअप जातो आणि पॅकेज म्हटलं की वर टीसीएस हा कर, तो तुमचा वाचेल. खातं तिसऱ्याच माणसाच्या नावावर होतं. विचारलं तर म्हणाला आमच्या अकाउंटंटचं आहे. ४०,००० आणि मग ४१,५०० असे दोन हप्ते मी यूपीआयने पाठवले.

मग आलं परमिट. "ताई, सेल्फ ड्राइव्ह परमिट राहिलं, एकट्या ड्रायव्हरला ते वेगळं लागतं, ११,५००." आणि मी भरले. का भरले हे सांगायलाच हवं, कारण आपण महाराष्ट्रातले लोक नेमके इथेच सापडतो. ताडोब्याला किंवा पेंचला आपण सफारीला जातो तेव्हा जिप्सी, गाइड, आयडी टाकून काढलेलं परमिट या सगळ्याची आपल्याला सवय असते, जंगल म्हटलं की परमिट हे डोक्यात पक्कं बसलेलं आहे. क्रुगरला गाडी चालवायचं असं वेगळं परमिट नसतंच हो. दर दिवसाची कॉन्झर्व्हेशन फी असते, ती गेटवर किंवा बुकिंगबरोबर भरायची, बास.

आणखी एक वाक्य तो दोनदा बोलला होता आणि ते मला तेव्हाच टोचायला हवं होतं. "ताई, तुम्ही त्यांना डायरेक्ट मेल करू नका हं, एजंट रेट कॅन्सल होतो." म्हणून मी चार महिन्यांत सॅनपार्क्सला एकही मेल केला नाही.

९ ऑगस्टला तिकडे राष्ट्रीय महिला दिनाची सुट्टी असते, त्या वर्षी ती शुक्रवारी आलेली, म्हणजे तीन दिवसांचा जोडून वीकेंड, आणि मी नेमकी त्याच दिवशी दुपारी पावणेचारला पॉल क्रुगर गेटला पोचले. सकाळपासून एकटीने चारशेच्या वर किलोमीटर गाडी चालवलेली, इतका आनंद झाला होता की पार्किंगमध्ये आईला व्हिडिओ कॉल केला. काउंटरवरच्या बाईंनी नंबर टाकला, परत टाकला, मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. बुकिंग माझ्याच नावाने एप्रिलमध्ये केलेलं होतं. पैसे कुणीच भरले नव्हते. मुदत संपली आणि मे महिन्यात ते आपोआप रद्द झालं. म्हणजे नंबर खरा, नाव खरं, तारखा खऱ्या, फक्त पैसे भरलेले नाहीत. तेच पत्र मी व्हिसाला राहण्याचा पुरावा म्हणून जोडलेलं होतं, हे आठवलं आणि माझे पाय लटपटायला लागले.

त्या बाईंनी तिथूनच तीन कॅम्पांना फोन लावले. सुट्टीमुळे एक खोली नव्हती कुठे. त्या म्हणाल्या, गेट सहाला बंद होतं पण तू आत्ताच परत फिर, अंधारात या रस्त्यावर गाडी चालवू नकोस. हेझीव्ह्यू गावापर्यंत पाऊण-एक तासाचा रस्ता, कडेने माणसं चालतायत, गुरं मध्येच रस्ता ओलांडतायत, सूर्य समोर, आणि मी रडत गाडी चालवतेय. एकटीने प्रवास करताना मला भीती वाटेल असं वाटलं होतं ते सिंहाबिंहाची, ही वेळ येईल असं कधी डोक्यातही आलं नव्हतं. गावात एका छोट्या गेस्टहाउसच्या म्हाताऱ्या मालकीणबाईंनी काही न विचारता खोली दिली आणि सूप आणून ठेवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

रात्री ते पत्र मोबाइलवर मोठं करून बघितलं. भाड्याच्या ओळींमध्ये रकमा तिकडच्या पद्धतीने लिहिल्या होत्या, हजारानंतर नुसती मोकळी जागा, ९ ८७० अशी. आणि शेवटची 'पैसे मिळाले' ही ओळ होती तिथे ९,८७०, स्वल्पविराम टाकून. अक्षरंही एक केसभर जाड. बुकिंग कच्चं असल्याचा शब्द जिथे असायला हवा तिथे पांढरी पट्टी, बाजूच्या कागदापेक्षा जरा जास्त पांढरी. चार महिने हा कागद माझ्या फोनमध्ये होता, मैत्रिणींना दाखवला होता, प्रिंट काढून फाइलला लावला होता, कुणालाच दिसलं नाही.

भावाने नाशिकहून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली. पण पैसे जाऊन तीन महिने उलटलेले, पोलिसांनी सांगितलं की ते खातं भाड्याने घेतलेलं होतं आणि पैसे त्याच दिवशी पुढे गेलेत. क्रेडिट कार्डाने भरले असते तर बँकेकडे वाद तरी घालता आला असता. माझी कारच फक्त वाचली, ती मी स्वतः कंपनीच्या साइटवरून माझ्या क्रेडिट कार्डावर घेतली होती, कारण डिपॉझिटसाठी चालवणाऱ्याच्याच नावाचं कार्ड लागतं, नाहीतर तीही मी त्याच्याकडूनच घेतली असती.

सहल मी सोडली नाही. रोज पहाटे हेझीव्ह्यूवरून फाबेनी गेटने आत जायचे आणि संध्याकाळी बाहेर. आणि रोज सकाळ-संध्याकाळ सॅनपार्क्सची साइट उघडून बसायचे, लोक बुकिंग रद्द करत असतात ना, ते परत साइटवर येतं. सोमवारी साताऱ्याची, म्हणजे क्रुगरमधल्या सतारा कॅम्पची, एक रात्र मिळाली, मग प्रिटोरियसकॉपची एक. आपलं कार्ड, आपला मेल आयडी, आणि पैसे भरल्याची पावती थेट त्यांच्याकडून. एप्रिलमध्ये मी हेच केलं असतं, लाल दिसलं म्हणून हात न टेकता रोज दोनदा बघितलं असतं तरी काम झालं असतं. एजंटमार्फतच करायचं असेल तर पत्र आल्या दिवशी आणि निघायच्या आठवड्यात, असं दोन्ही वेळा त्यांच्या रिझर्व्हेशनला बुकिंग नंबर देऊन विचारा की पैसे पूर्ण जमा आहेत का. नुसतं 'बुकिंग आहे का' असं विचारून भागणार नाही, मी एप्रिलमध्ये तसं विचारलं असतं तर बुकिंग आहे असंच उत्तर आलं असतं. आणि 'तुम्ही विचारू नका' म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

मागच्या आठवड्यात त्याच ट्रॅव्हल ग्रुपवरच्या नागपूरच्या एक ताई बोलल्या की त्यांना ऑक्टोबरसाठी सिंगल रेट मिळालाय. मी पत्र मागवलं. एजंटचं नाव वेगळं, नंबर वेगळा, पण शेवटच्या ओळीत तोच स्वल्पविराम. त्यांनी ५८,००० आदल्याच दिवशी भरले होते. फोन चालू असतानाच त्यांना दुसऱ्या फोनवरून १९३० लावायला सांगितलं. त्यातले २१,००० बँकेने होल्ड केलेत असं त्यांना कळवलंय, बाकीच्या पैशांचा अजून पत्ता नाही.