दीनियातच्या (इस्लामी धर्मशिक्षणाच्या) तासाला पाठांतर, प्रात्यक्षिक की चर्चा?

आधी शाळा कुठली ते पाहा. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, राज्यघटनेचं २८वं कलम तसं सांगतं. गोव्यात फोंडा-वास्कोकडे अल्पसंख्याक संस्थेची अनुदानित शाळा असेल तर देता येतं, मात्र मुलाला तासाला बसवायला पालकांची संमती हवी. ती लेखी घ्या.

आता पद्धतीकडे. ‘क्षमताधारित’ शिक्षण (मुलाला काय करता येतं ते पाहणारं) म्हटलं की पाठांतराला पहिली कात्री लागते. ते मला पटत नाही. कुराण-पठणाला दुसरा मार्गच नाही: उस्ताद म्हणतात, मूल मागोमाग म्हणतं, चूक तिथल्या तिथे सुधारली जाते. घरी उर्दू बोलणारी मुलं से, सीन आणि साद या तिन्ही अरबी अक्षरांचा उच्चार ‘स’ असाच करतात, आणि हा फरक चर्चेनं कळत नाही, कानाला पडावा लागतो. अडचण वेळेची आहे. चाळीस मुलं आणि पस्तीस मिनिटांचा तास, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटभरही येत नाही. तजवीद (कुराण-पठणातली उच्चारशुद्धी) चांगली असलेल्या मुलांना गटप्रमुख करा. मोबाइलवरचं पठण घरी ऐकायला ठीक.

वुजू (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुणं), तयम्मुम (पाणी नसेल तेव्हा मातीनं करायची शुद्धी), नमाज यांना प्रात्यक्षिकच हवं. फळ्यावर वुजूचे फर्ज (अनिवार्य भाग) लिहून दिले की मूल पेपरात बरोबर लिहितं आणि नळावर गडबडतं. पण इथे एक खाचखळगा आहे, ज्याचा विचार फारसा कुणी आधी करत नाही. एकाच वर्गात हनफी आणि शाफई या दोन धर्मशास्त्रीय परंपरांच्या घरांतली मुलं बसतात. हनफींकडे वुजूचे फर्ज चार, शाफईंकडे सहा, कारण नियत (मनातला हेतू) आणि क्रमही त्यात धरतात. रुकूला (नमाजात कमरेतून वाकायला) जाताना शाफई हात उचलतात, हनफी नाही. शिक्षकानं एकच रीत ‘बरोबर’ म्हणून दाखवली तर संध्याकाळी घरी वाद ठरलेला. दोन्ही रीती दाखवा, दोन मुलांकडून करून घ्या.

चर्चेला खरा वाव जकातीत (संपत्तीतून दरवर्षी द्यायच्या धर्मदानात) आहे. अडीच टक्के सगळ्यांना पाठ असतं. पण निसाब (जकात लागू होण्याची किमान संपत्ती) साडेसात तोळे सोन्याचा धरायचा की साडेबावन्न तोळे चांदीचा? मुलांना आजचा बाजारभाव आणायला सांगा. दोन्ही आकड्यांत इतकं अंतर निघतं की एका हिशेबानं जकात देणारं घर दुसऱ्या हिशेबानं सुटतं. नववीची मुलं यावर तासभर भांडतात, आणि शिकतात.

फोंड्याच्या सफा मशिदीची सहल इतिहासाच्या एका पाठापुरती छान, त्याहून जास्त तिच्यावर लादू नका.

गुणांचं काय? इंडोनेशियात इस्लामी धर्मशिक्षण हा शाळेतला रीतसर विषय आहे. तिथल्या २०१३च्या अभ्यासक्रमानं क्षमतेचे चार भाग केले: आध्यात्मिक वृत्ती, सामाजिक वृत्ती, ज्ञान आणि कौशल्य. शेवटचे दोन उचलायला हरकत नाही. पहिल्याला मी गुण देणार नाही. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना त्यातून फक्त दिखावा जमतो.

आठवड्याला एकच तास मिळत असेल तर पहिलं सत्र पठण आणि प्रात्यक्षिकाला द्या, जकात दुसऱ्या सत्रात घ्या. मौलानांना हिशेबाचा कंटाळा असेल तर जकातीच्या तासांना गणिताच्या बाईंना सोबत बसवा.